काकवीतले पंख

माझ्या सासरी कोंबडीची वाटणी सातबाऱ्यावर चढवल्यासारखी पक्की होती. एक तंगडी मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना. दुसरी थोरल्या दिरांना. छातीचं मांस माझ्या नवऱ्याला, काळीज जावेच्या पोराला. मान आत्याबाईंची. आत्याबाई म्हणजे सासूबाई. आमच्यात सासूला तसंच म्हणायची रीत. राहिले दोन पंख, ते दोन सुनांचे. पाठीचा सांगाडा ज्याच्या नशिबी येईल त्याचा.

हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं म्हणून लग्न मोडलं असतं असं नाही, पण निघायच्या आदल्या दिवशी मी जरा पोटभर खाऊन तरी घेतलं असतं.

माझं माहेर नगरचं. वडील लष्कराच्या वर्कशॉपात फिटर. घरात आई, ते आणि मी, तीनच माणसं. रविवारी कोंबडी झाली की वडील स्वतःच्या ताटातली तंगडी उचलून माझ्या ताटात ठेवायचे. आई म्हणायची, "लाडावून ठेवू नका, उद्या दुसऱ्याच्या घरी जायचंय तिला." ते म्हणायचे, "म्हणून तर आज खाऊ दे." त्यामुळं कोंबडीच्या दोन तंगड्यांतली एक देवानं खास माझ्यासाठी लावलेली असते, अशी माझी लहानपणापासूनची समजूत.

सत्तर सालच्या लग्नसराईत मला सोनईपासून दोन कोसांवरच्या वस्तीवर दिली. लग्नाला पंधरा दिवस झाले आणि घरात पहिली कोंबडी कापली. पुरुषांची पंगत उठली, मग आम्ही तिघी बसलो. आत्याबाईंनी माझ्या ताटात पंख टाकला. मला वाटलं, चुकून. नवी सून आहे, अजून आवडनिवड माहीत नाही बिचाऱ्यांना. म्हणून मी सरळ म्हणाले, "आत्याबाई, माझी तंगडी राहिली वाटतं."

जावेला ठसका लागला. आत्याबाईंनी पळी खाली ठेवली.

"सुनंनं तंगडी खाऊ न्हाई," त्या म्हणाल्या. "खाल्ली तर तिचा पाय घरात ठरत न्हाई."

"मग पंख खाल्ल्यावर मी उडून नाही का जायची?"

"कोंबडी कुठं उडती? लई झालं तर कुडापत्तुर." आणि त्यांनी मान उचलून स्वतःच्या ताटात घेतली. "मानंला लई रस असतो," असंही वर म्हणाल्या.

माझा स्वभाव तेव्हाही तापट होता आणि आजही आहे. कुणी नाही म्हटलं की मला ती गोष्ट दुप्पट हवीशी वाटते. मी त्याच दिवशी ठरवलं, या घरात एकदा तरी तंगडी खाईन. चोरून नाही, हं. चोरून काय, पातेल्यातून काढून कुणीही खाईल. आत्याबाईंच्या हातानं, माझ्या ताटात वाढलेली खाईन.

ठरवलं खरं, पण पुढं वर्षभर ताटात पंखच पडत राहिला. पंख म्हणजे कोंबडीचा सगळ्यात दळभद्री भाग. आमच्या कोंबड्या गावरान, दिवसभर उकिरडा उकरणाऱ्या, त्यांच्या पंखाला मांस असणार किती? पिसं काढून, हळद चोळून कोंबडी जाळावर भाजून घेतली तरी पंखात पिसांची खुंटं अडकून राहतात. ती नखानं एकेक उपटायचं काम माझ्याकडं. घरात देव, म्हणून कोंबडी शिजायची परसात, तीन दगडांच्या चुलीवर. तिथं उकिडवी बसून मी खुंटं उपटायची आणि मनातल्या मनात आख्ख्या खानदानाचा उद्धार करायची.

त्या थंडीत शेजारच्या मळ्यात गुऱ्हाळ लागलं आणि आमच्याकडं काकवीची बरणी आली. गुळाचा पाक घट्ट व्हायच्या आधी काढून घेतात ती काकवी. काळसर, दाट, मला लहानपणापासून फार आवडायची, आणि आवडायची ती ठेच्याबरोबर. एक बोट काकवीत, एक बोट ठेच्यात. एकदा असं झालं की पुरुषांनी रस्सा तळापर्यंत ओरपला आणि आमच्यापुढं आल्या कोरड्या भाकरी आणि कोरडे पंख. मी रागानं उठले, वाटीत काकवी घेतली, तिच्यात लाल मिरचीचा ठेचा कालवला आणि पंख त्यात बुडवून खाल्ला.

"येडी का खुळी तू?" जाऊ म्हणाली. "मटनाला गूळ?" जावेला मी अक्का म्हणायचे. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, गरीब स्वभावाची, पण तोंड सारखं चालू. तिनंही आपला पंख वाटीत बुडवला. मग बराच वेळ ती काही बोलली नाही. मी तिला इतका वेळ गप्प पहिल्यांदाच बघत होते. आत्याबाई "नगरच्या तऱ्हा" म्हणाल्या आणि त्यांनी वाटीकडं पाठ केली.

त्यानंतर आम्ही दोघींनी ते रीतसर करायला घेतलं. पंख आधी हळद-मीठ घालून शिजवायचे. मग लोखंडी तव्यावर शेंगदाण्याचं तेल, त्यात पाट्यावर वाटलेला लसूण आणि सुकी मिरची, मग चिंचेचा कोळ, मग पंख आणि शेवटी काकवी. पहिल्या खेपेला जाळ मोठा ठेवला, काकवी करपली आणि पंख कडू जहर झाले. दुसऱ्या खेपेला काकवी आधी घातली, तर लसूण कच्चाच राहिला. तिसऱ्यांदा मी जाळ ओढून घेतला आणि नुसत्या इंगळावर तवा ठेवला. काकवी बुडबुडे काढत आटली, पंखांना चिकटली, आणि वर तांबूस चकाकी आली. मिरची घालताना हात आखडला तर मजा नाही. पहिल्या घासाला गोड लागतं, दुसऱ्या घासाला कानातून वाफा येतात, आणि तरीही हात तिसऱ्याकडं जातोच.

ते खाताना माझ्या डोक्यात बेत शिजला. पुरुषांना हे पंख चाखायला द्यायचे. एकदा चटक लागली की ते पंख मागतील. त्यांनी पंख घेतले की तंगड्या कुणाला उरतात? आपल्याला.

अक्काला सांगितलं तर तिनं कपाळाला हात लावला. "अगं, पुरुषाला एखादं चांगलं लागलं तर ते आपल्याला उरतंय व्हय? तंगडी ऱ्हाऊ दे, हाताशी हाय त्यो पंखबी घालवशील."

मी ऐकायची नव्हते. पुढच्या कोंबडीला मी माझ्या पंखाचा एक तुकडा परसात नवऱ्याला चारला. यांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. झालंही तसंच. पंगतीला बसल्यावर जेवण अर्ध्यावर आलं असताना हे वडिलांना म्हणाले, "दादा, त्यो पंख खाऊन बघा एकदा."

मामांनी पंख तोंडाला लावला आणि झटकन ताटात टाकला. "ग्वाड केलंय व्हय? ही काय बामनाघरची आमटी हाय?" मी दाराआड उभी. मामांनी मिशी पुसली. काकवी मिशीला चिकटली होती, ती पुसता पुसता जिभेला लागली. त्यांनी ताटातला पंख पुन्हा उचलला. तो संपवला, हाड चघळलं, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले आणि म्हणाले, "दुसराबी आन."

तंगडी तर त्यांनी आधीच संपवली होती.

तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं. त्या दिवशी आम्हा दोघींच्या वाट्याला कोंबडीचा सांगाडा आला. अक्का माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. पुढच्या कोंबडीला मामांनी तंगडीही घेतली आणि पंखही. थोरल्या दिरांनी तेच केलं. "मोठ्या मानसांनी एकडाव घेतलं म्हंजी त्यो त्यांचा मान," आत्याबाईंनी निकाल दिला. सुनांचे पंख गेले ते गेलेच, आणि वर मिरची वाटून ते करून द्यायचं कामही माझ्याच गळ्यात. अक्काची तेव्हाची नजर मला अजून आठवते.

पण खुंटं उपटता उपटता माणूस विचार करतो. मी विचार केला, चुकलं कुठं? मामांनी तंगडी आधी खाल्ली, पंख नंतर. हे उलटं व्हायला पाहिजे होतं. आणि पंख खाल्ल्यावर ते पाणी किती प्यायले, तेही माझ्या ध्यानात होतं.

संधी आली आखाडात. श्रावण लागायच्या आत मटण-कोंबडी खाऊन घ्यायची, म्हणून मामांनी जावयाला बोलावणं धाडलं. नणंदेच्या घरी सासूला ताप होता, त्यामुळं दाजी एकटेच आले. साखर कारखान्यात कारकून, पँट-बुशकोट, कमरेला पट्टा. त्यांच्यासाठी दोन कोंबडे कापले. चार पंख, चार तंगड्या, आणि पंगतीला पुरुषही चार. मी अक्काला परसात गाठलं. तिनं आधी कानाला खडा लावल्याचं सांगितलं. मग सगळा बेत ऐकून घेतला आणि म्हणाली, "ह्या खेपंला बुडवलंस तर जल्मात बोलनार न्हाई."

दुपारची पंगत बसली. आत्याबाई तंगड्या वाढायला पातेल्याकडं आल्या, तर मी झाकण दाबून धरलं. "कोंबडे जुने आहेत, आत्याबाई. तंगड्या अजून चिवट लागतायत. तोवर पंख वाढते." जावयाला चिवट तंगडी वाढायची म्हणजे घराण्याची नाचक्की. त्यांनी मान हलवली.

पंख गेले. मिरची मी दीडपट घातली होती आणि काकवीचा रस तव्यात भरपूर ठेवला होता. तो पंखाबरोबर ताटात ओतला, भाकरी बुडवून खायला. चारही माणसं तुटून पडली. आता आमची पाळी. अक्काच्या हातात पाण्याची कळशी, माझ्या हातात भाकरीची टोपली. गरम भाकरी, तिच्यावर तुपाची धार.

"दाजी, घ्या की अर्धी."

"नको, झालं."

"झालं कसं? दुसरीच तर आहे. मामांना वाटेल कालवण बिघडलं."

आता मामांना वाईट वाटू द्यायचं नाही, म्हणून त्यांनी घेतली. मग मामा म्हणाले, जावयानं घेतली तर मी मागं कसा राहू, त्यांनाही एक. तिखट लागलं की पाणी, पाणी प्यायलं की पुन्हा त्या रसाचा मोह, रसाला भाकरी. आग्रहाला आमच्या घरात कुणी नावं ठेवत नव्हतं, त्यामुळं माझ्यावर संशयाला जागाच नव्हती. उलट मामा कौतुकानं म्हणाले, "धाकलीला पाव्हन्याचं करायची लई हौस." त्यांच्या मिशीवरून घाम ठिबकत होता. पाचव्या भाकरीला दाजींनी पट्टा दोन भोकं सैल केला. कळशी दोनदा भरून आणावी लागली.

मग मी झाकण काढलं. "आत्याबाई, शिजल्या तंगड्या."

आत्याबाईंनी मोठ्या मानानं पहिली तंगडी दाजींपुढं नेली. दाजींनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. "आत्याबाई, आता न्हाई. श्वास घ्यायला जागा न्हाई." त्या मामांकडं वळल्या. मामांचा डोळा तंगडीवर होता, मला स्पष्ट दिसत होतं. पण जावई नको म्हणतोय आणि सासरा हादडतोय, हे कसं दिसेल? "मलाबी नगं," ते म्हणाले आणि दुसरीकडं बघू लागले. थोरल्या दिरांना असल्या गोष्टींचं काही नव्हतं, त्यांनी आपली घेतली. राहिला माझा नवरा. मी दाराआडून डोळे मोठे केले. त्यांना वाटलं, मी आग्रह करतेय. त्यांनी घेतली. त्यांना मी ते आजपर्यंत ऐकवते.

तरीही पातेल्यात दोन तंगड्या राहिल्या. पुरुष उठून लिंबाखाली आडवे झाले आणि आम्ही तिघी जेवायला बसलो. मी ताट पुढं ओढलं. हात धुतलेले, भाकरी मोडलेली. आत्याबाईंनी पातेल्यात पाहिलं आणि माझ्या ताटात पाठीचा तुकडा टाकला.

"तंगड्या झाकून ठेव. सांजच्याला पाव्हन्यांना हुतील."

मग माझा तोल गेला. सासूपुढं असं बोलू नये, मला कळत होतं, पण मी बोलले. "सव्वा वर्ष झालं, आत्याबाई. सव्वा वर्ष मी पंख खाल्ले, पंखांची खुंटं उपटली, ते पंखही तुम्ही मामांना देऊन टाकले. माझे वडील स्वतःच्या ताटातली काढून मला द्यायचे. इथं पातेल्यात पडून राहिली तरी मला नाही. काय एवढं सोनं लागलंय त्या तंगडीला?" आणि मी रडायलाच लागले. तंगडीसाठी रडायची लाज वाटत होती, म्हणून आणखीच रडू येत होतं.

मला वाटलं, आता पळी डोक्यात बसते. पण आत्याबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "त्येच मी तुला इच्यारनार हुते. कशी लागती गं ती?"

"काय?"

"तंगडी."

अक्काचा घास हातात राहिला. मी म्हणाले, "म्हणजे? तुम्ही कधी खाल्लीच नाही?"

"कवा खायाची? हितं आले तवा सासरा, दोन दीर, तुजा मामा. मग लेकं मोठी झाली. मग जावई आला."

"आणि माहेरी?"

"माहेरी पाच भाऊ."

चाळीस वर्षं त्या घरात या बाईनं पळीनं तंगड्या वाढल्या होत्या. मला इतकं वाईट वाटलं की माझा राग कुठं गेला ते कळलंच नाही. मी पातेल्यातली एक तंगडी काढली आणि त्यांच्या ताटात ठेवली. माझी स्वतःची म्हणून जिच्यावर सव्वा वर्ष डोळा ठेवला होता तीच. दुसरी वाटून घेऊ म्हणून अक्काकडं वळले, तर अक्का शहाणी, तिनं ती कधीच तोंडात घातली होती.

आत्याबाई आधी दाराशी जाऊन बघून आल्या. लिंबाखालून चौघांचं घोरणं ऐकू येत होतं. मग त्या भिंतीकडं तोंड करून बसल्या. समोरचे दात पडलेले, म्हणून दाढेनं सावकाश खाल्ली. हाड कोरडं होईपर्यंत चघळलं. हात धुतला, पदराला पुसला.

"बरी हाय," म्हणाल्या. त्यावर एक शब्द जास्त नाही.

मी त्या दिवशी मान खाल्ली. मानेत रसबिस काही नसतो.

मग श्रावण आला, गणपती झाले, पितृपंधरवडा, नवरात्र. तीन महिने कोंबडी काही शिजली नाही. दसरा झाल्यावर मामांनी एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, निवडली. ती काही हाती लागेना. पार विहिरीपर्यंत पळवलं तिनं त्यांना, मग तुरीत घुसली, तिकडून परत गोठ्यात. मामा धापा टाकत, धोतर वर खोचून तिच्यामागं, आणि सगळी वस्ती हसत बघत होती. शेवटी एकदाची सापडली.

दुपारी पंगत बसली. आत्याबाईंनी एक तंगडी मामांना वाढली. थोरल्या दिरांच्या ताटात छातीचा तुकडा पडला. दीर ताटाकडं बघत राहिले. मामांनी मान वर केली.

"दुसरी तंगडी कुठाय?"

आत्याबाईंनी रस्सा ढवळत सांगितलं, "कोंबडी लंगडी हुती."

मी दाराआड उभी. मामा आत्याबाईंकडं बघत राहिले. सकाळी ज्या कोंबडीनं त्यांना विहिरीपर्यंत पळवलं होतं, ती त्यांना चांगली आठवत असणार. आत्याबाईंनी पळी पातेल्यावर ठेवली आणि त्याही त्यांच्याकडं बघू लागल्या. शेवटी मामांनी खाली बघून भाकरी मोडली.

"व्हय," ते दिरांना म्हणाले. "जरा लंगडतच हुती."

पुरुष उठले. आम्ही बसलो. आत्याबाईंनी सांडशीनं पातेलं जवळ ओढलं, तळाशी पळी घातली आणि माझ्या ताटात तंगडी वाढली.